९७ धावांचा हिशेब : पिट्सबर्ग पायरेट्सच्या २०१३ च्या हंगामावर वाचकांचे प्रश्न

मे-जून उजाडला की मेजर लीग बेसबॉलच्या तक्त्यात कायम तळाशी असणारा एखादा संघ अचानक वर दिसू लागतो, आणि 'हे खरं की नुसती हवा?' अशी विचारणा सुरू होते. चालू हंगामावर भाकित करण्यापेक्षा, ज्याचा शेवट माहीत आहे अशा हंगामावर बोलणं जास्त उपयोगाचं. म्हणून या वेळी एकच संघ घेतला आहे : पिट्सबर्ग पायरेट्स, वर्ष २०१३. प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आहेत. काही क्रिकेटच्या डोळ्यांनी बेसबॉल पाहणाऱ्यांचे, काही अमेरिकेत राहून नियमाने स्टेडियमवर जाणाऱ्यांचे.

प्रश्न : मी क्रिकेट पाहणारा. ९४ विजय आणि ६८ पराभव म्हणजे जेमतेम ५८ टक्के. यात एवढं नाचण्यासारखं काय होतं? (पुणे)

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि त्यात चांगला संघसुद्धा साठ-पासष्ट वेळा हरतो. अगदी टाकाऊ संघही पन्नास-पंचावन्न सामने जिंकून जातो. म्हणजे सगळी स्पर्धा मधल्या चाळीसेक सामन्यांत आहे. ८१ विजय ही मधली रेघ. तिच्या वर गेलात तर 'जिंकणारा हंगाम', खाली राहिलात तर 'हरणारा'.

पायरेट्स १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं या रेघेच्या खाली होते. उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक खेळांत इतकी लांब रांग दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर नव्हती. आणि हा काही नवखा संघ नव्हे. १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९ अशा पाच वर्ल्ड सिरीज (मेजर लीगच्या अंतिम लढती) त्यांनी जिंकल्या आहेत. होनस वॅग्नर आणि रोबेर्तो क्लेमेंटे यांचा हा संघ. १४ ऑक्टोबर १९९२ ला अटलांटाविरुद्ध नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम मालिकेचा सातवा सामना शेवटच्या इनिंगमध्ये हातातून गेला, त्यानंतर बॅरी बॉन्ड्स आणि डग ड्रेबेक हे आघाडीचे खेळाडू संघ सोडून गेले आणि घसरगुंडी सुरू झाली. २०१३ च्या सुरुवातीला पिट्सबर्गमधल्या विशीतल्या चाहत्याने जिंकणारा पायरेट्स संघ पाहिलेलाच नव्हता. नाचायला तेवढं कारण पुरे.

प्रश्न : अँड्र्यू मॅककचन त्या वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, पेड्रो आल्व्हारेझने ३६ होमरन (कुंपणाबाहेरचे फटके) मारले. संघ वर आला तो बॅटिंगमुळेच ना? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. या हंगामाबद्दलचा हा सर्वात मोठा गैरसमज आहे, म्हणून आकडे सविस्तर मांडतो.

२०१२ मध्ये पायरेट्सनी ६५१ धावा केल्या आणि ६७४ दिल्या; निकाल ७९-८३. २०१३ मध्ये केल्या ६३४, दिल्या ५७७, निकाल ९४-६८. म्हणजे पंधरा विजय वाढलेल्या वर्षात संघाच्या धावा १७ ने घटल्या. मॅककचन खरोखर अप्रतिम खेळला (सरासरी .३१७, म्हणजे हजार संधींत ३१७ यशस्वी फटके, २१ होमरन, २७ चोरलेले बेस), आणि तो नसता तर धावा आणखी खाली गेल्या असत्या. पण बदल झाला तो दुसऱ्या रकान्यात. दिलेल्या धावा ९७ ने कमी झाल्या.

आता हा हिशेब कुठल्याही संघासाठी करून पाहता येईल असा आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या, पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा आणि १६२ ने गुणा. ६३४ चा वर्ग ४,०१,९५६. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. बेरीज ७,३४,८८५. भागाकार ०.५४७, आणि विजय साधारण ८८ ते ८९. हीच रीत २०१२ ला लावली तर उत्तर ७८ येतं. म्हणजे धावांच्या हिशेबाने संघ दहा-अकरा विजयांनी सुधारला होता. दहा धावांमागे एक विजय हा ढोबळ ठोकताळा इथेही लागू पडतो : ९७ धावा वाचवल्या, म्हणजे जवळपास दहा विजय.

प्रश्न : मग हिशेब ८८ चा आणि प्रत्यक्षात ९४. हे वरचे पाच-सहा विजय नशिबाचेच म्हणायचे का? (ठाणे)

काही नशिबाचे, काही शेवटच्या दोन इनिंगचे. आठव्या-नवव्या इनिंगमधले पिचर (बेसबॉलचे गोलंदाज) चांगले असतील तर निसटत्या आघाडीचे सामने हातात राहतात आणि संघ धावांच्या हिशेबापेक्षा थोडा वर जातो. पायरेट्सकडे जेसन ग्रिली होता (३३ सेव्ह, म्हणजे निसटती आघाडी शेवटपर्यंत राखलेले सामने) आणि जुलैमध्ये त्याच्या कोपराखालच्या हाताचा स्नायू दुखावल्यावर ती जागा मार्क मेलन्सनने घेतली. मेलन्सनचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, होता १.३९.

तरी पाच-सहाच्या पाच-सहा विजयांचं श्रेय मी त्यांना देणार नाही. असा फरक पुढच्या वर्षी बहुधा टिकत नाही. २०१४ ला संघ ८८-७४ राहिला, याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

प्रश्न : रसेल मार्टिनची सरासरी .२२६ होती. दोन वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर देऊन असा बॅटर घेण्यात शहाणपणा कुठे होता? चाहते त्या वेळी वैतागले होते ते बरोबरच होतं. (पिट्सबर्ग)

मार्टिनला बॅटर म्हणून घेतलंच नव्हतं. तो कॅचर होता, आणि कॅचरचं काम विकेटकीपरपेक्षा बरंच मोठं असतं. प्रत्येक चेंडू कोणता टाकायचा हे तो सुचवतो, धावणाऱ्यांना रोखतो, आणि चेंडू झेलण्याच्या पद्धतीने अंपायरच्या निर्णयावर परिणाम करतो. पैसे या शेवटच्या दोन गोष्टींसाठी मोजले होते.

आधी बेसचोरी, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावपटूने पुढच्या बेसवर पळणं. २०१२ मध्ये मुख्य कॅचर रॉड बराहासविरुद्ध ९९ वेळा बेस चोरण्याचा प्रयत्न झाला आणि बाद झाले फक्त ६. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पोचायला चपळ धावपटूला साधारण ३.३ ते ३.४ सेकंद लागतात. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात केल्यापासून तो कॅचरकडे पोचेपर्यंत १.३ सेकंद, कॅचरच्या हातातून दुसऱ्या बेसपर्यंत १.९ ते २.० सेकंद, बेरीज ३.२ ते ३.३. पिचरने पाव सेकंद जास्त घेतला की कॅचर कोणीही असो, धावपटू सुटतो. पायरेट्सचे पिचर २०१२ मध्ये धावपटूंकडे फारसं लक्ष देत नव्हते.

२०१३ मध्ये मार्टिनने ८९ पैकी ३६ जणांना बाद केलं, म्हणजे ४० टक्के. जुन्या प्रमाणाने त्यातले पाच-सहाच बाद झाले असते. एक यशस्वी चोरी प्रतिपक्षाला सरासरी ०.२ धाव देते, फसलेली चोरी ०.४ धाव हिरावते. दोन्हींमधलं अंतर ०.६ धावांचं. ३० जादा बाद गुणिले ०.६, म्हणजे १८ धावा. जवळपास दोन विजय, नुसत्या फेकीतून.

आता झेल. स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या) कडेवर पडणारा चेंडू स्ट्राइक (आत) द्यायचा की बॉल (बाहेर), हे तेव्हा पूर्णपणे प्लेटमागच्या अंपायरच्या नजरेवर होतं. कॅचरचा हात चेंडूबरोबर झोनच्या बाहेर वाहवत गेला तर अंपायरला तो 'बाहेर' दिसतो. हात शांत राहिला, ग्लव्ह आधी थोडा खाली ठेवून चेंडूकडे वर आणला, तर तोच चेंडू 'आत' दिसतो. एका बॉलच्या जागी एक स्ट्राइक मिळण्याची किंमत सरासरी एक-अष्टमांश धाव असते. दिवसाला असे दोन चेंडू कमावले तरी चार सामन्यांत एक धाव. कॅचर १२० सामने खेळला तर ३० धावा. मार्टिन या कामात त्या काळच्या उत्तम कॅचरांपैकी होता, आणि बाजारात या कौशल्याला अजून भाव आलेला नव्हता. श्रीमंत संघ ते ओळखत असते तर पिट्सबर्गला मार्टिन परवडलाच नसता.

एमव्हीपीचा मान मॅककचनला मिळाला तो योग्यच. पण २०१२ आणि २०१३ मधला फरक कोणी केला असं विचाराल तर माझं उत्तर मार्टिन.

प्रश्न : इनफिल्डचे (बेसजवळचे) खेळाडू इकडून तिकडे सरकवण्याचा 'शिफ्ट' प्रकार पायरेट्सनी आणला असं म्हणतात. रिकाम्या जागेतून चेंडू गेला की फार चीड येते. खरंच फायदा होतो का? (ऑस्टिन, टेक्सास)

शिफ्ट पायरेट्सनी शोधलं नाही. मोठ्या डावखुऱ्या बॅटरांविरुद्ध ते पूर्वीपासून होत असे आणि टँपा बे रेज त्यात पुढे होते. पायरेट्सनी ते मोजक्या बॅटरांपुरतं न ठेवता सरसकट वापरलं, आणि महत्त्वाचं म्हणजे पिचिंगशी जोडलं. नुसतं शिफ्ट हे अर्धं काम आहे.

जमिनीवरून जाणारा चेंडू, म्हणजे ग्राउंडर, चारपैकी तीन वेळा बाद देतो आणि त्यावर होमरन कधीच होत नाही. हवेत गेलेल्या चेंडूंपैकी सुमारे दहा टक्के कुंपणाबाहेर जातात. म्हणून पिचिंग कोच रे सिअरेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिचरांना सिंकर किंवा टू-सीम फास्टबॉलवर भर द्यायला लावला. हा चेंडू शेवटच्या काही फुटांत खाली बुडतो. बॅट त्याच्या वरच्या भागावर बसते आणि चेंडू जमिनीवर आपटतो. तो आतल्या बाजूला, बॅटरच्या हातांजवळ टाकला की बॅटर तो आपल्या ओढण्याच्या बाजूलाच मारतो : उजवा बॅटर तिसऱ्या बेसकडे, डावखुरा पहिल्या बेसकडे. आता चेंडू कुठे जाणार हे बरंचसं ठरलं, मग इनफिल्ड तिकडे सरकवायचं. सिंकर बाहेरच्या कडेला टाकला आणि खेळाडू आतल्या बाजूला उभे केले तर तेच शिफ्ट अंगाशी येतं. चाहते चिडतात ते प्रसंग बहुतेक असे असतात. जागा चुकलेली नसते, चेंडू चुकलेला असतो.

त्या वर्षी पायरेट्सच्या पिचरांनी १०१ होमरन दिले, लीगमध्ये सर्वात कमी. संघाचा ईआरए ३.८६ वरून ३.२६ वर आला.

विरोध बाहेरून झाला तसा आतूनही झाला. साध्या जागेवरचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हलवल्यामुळे एक हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) गेला तर तो पिचरच्या डोळ्यांत खुपतो. हलवल्यामुळे वाचलेले तीन हिट लक्षात राहत नाहीत. त्यासाठी आकडेवारीचे जाणकार डॅन फॉक्स आणि माइक फिट्झजेराल्ड यांना खेळाडूंच्या बैठकांत बसवलं गेलं, आणि व्यवस्थापक क्लिंट हर्डल, जो स्वतः जुन्या वळणाचा माणूस, त्यांच्या बाजूने उभा राहिला. माझ्या मते हर्डलचं त्या वर्षातलं सर्वात मोठं काम हेच.

आजच्या संघाला ही नक्कल करता येणार नाही. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन इनफिल्डर असलेच पाहिजेत आणि चौघांचे पाय इनफिल्डच्या हद्दीत हवेत. थोडंफार सरकणं अजून चालतं, पण तिघांची भिंत गेली.

प्रश्न : फ्रान्सिस्को लिरियानो, मेलन्सन हे दोघेही आधीच्या वर्षी फसलेले. पायरेट्सना हे लोक चांगले खेळतील हे कळलं कसं? (नाशिक)

मेलन्सनचं उदाहरण इतकं स्वच्छ आहे की ते शिकवायला वापरावं. २०१२ मध्ये बॉस्टनकडे त्याचा ईआरए होता ६.२०. पण ४५ इनिंगमध्ये ४१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि फक्त १२ वॉक (चार बॉलमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस). म्हणजे बॅटरला चकवणं आणि झोनमध्ये चेंडू टाकणं ही दोन्ही कामं तो नीट करत होता. मार खाल्ला होता तो ८ होमरनमुळे, आणि त्याच्यासारख्या ग्राउंडरवाल्या पिचरला एवढे होमरन पडणं सहसा टिकत नाही. पायरेट्सनी आपला क्लोझर (शेवटच्या इनिंगचा पिचर) जोएल हॅनरहन बॉस्टनला दिला आणि आलेल्या खेळाडूंत मेलन्सन होता. पुढच्या ७१ इनिंगमध्ये त्याने एकच होमरन दिला.

रीत अशी : पिचरचा ईआरए बाजूला ठेवा आणि स्ट्राइकआउट, वॉक, ग्राउंडरचं प्रमाण हे तीन आकडे आधी पाहा. ते ठीक असून ईआरए वाईट असेल तर खेळाडू स्वस्तात मिळतो.

लिरियानोचं गणित एवढं सरळ नव्हतं. २०१२ मध्ये ६ विजय-१२ पराभव, ईआरए ५.३४, आणि वॉक खरोखरच जास्त. त्याच्याकडे स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) मात्र उत्तम होता, आणि तो डावखुरा होता. इथे मैदान मदतीला येतं. पीएनसी पार्कची डावी बाजू खोल आहे. डाव्या-मधल्या कोपऱ्यात कुंपण ४१० फुटांवर जातं. डावखुऱ्या पिचरसमोर प्रतिपक्ष उजवे बॅटर भरतो, आणि उजव्या बॅटरचे उंच फटके नेमके त्या खोल बाजूला मरतात. तिथे स्टार्लिंग मार्टेसारखा वेगवान खेळाडू उभा. (उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, क्लेमेंटेच्या २१ क्रमांकाच्या मानार्थ.) करार ठरल्यावर लिरियानोने उजवा हात मोडून घेतला. फेकायचा हात डावा असल्याने पायरेट्स मागे हटले नाहीत. हमीची रक्कम कमी करून नवा करार केला. हंगामाअखेर १६-८, ईआरए ३.०२, आणि डाव्या बॅटरांची त्याच्याविरुद्ध सरासरी .१३१.

सगळे डाव असे लागत नाहीत. जोनाथन सांचेझ नावाचा डावखुरा पिचरही त्याच वर्षी अशाच आशेने घेतला होता. काही आठवड्यांतच सोडून द्यावा लागला. स्वस्त डावाचा फायदा हाच, की फसला तर तो लगेच टाकून देता येतो.

प्रश्न : २०११ आणि २०१२ मध्येही पायरेट्स जुलैपर्यंत छान खेळले आणि मग कोसळले. जूनमध्येच ओळखायचं असेल तर काय पाहावं? (सॅन होजे)

तुमची शंका रास्त आहे. २०११ मध्ये जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ५३-४७ होते आणि उरलेल्या ६२ सामन्यांत १९-४३. २०१२ मध्ये ८ ऑगस्टला ६३-४७, आणि पुढे १६-३६. २०१३ च्या जूनअखेरीस ५१-३० असताना पिट्सबर्गच्या लोकांनी श्वास रोखून धरला होता तो याच अनुभवामुळे.

सर्वात आधी वर सांगितलेला धावांचा हिशेब करा. तक्त्यातले विजय त्यापेक्षा पाच-सहाने जास्त असतील तर सावध व्हा. मग सामना सुरू करणाऱ्या पिचरांकडे या. २०१२ मध्ये जेम्स मॅकडोनाल्डचा पूर्वार्धातला ईआरए २.३७ होता, उत्तरार्धात ७.५२. २०१३ मध्येही हेच झालं : जेफ लॉकचा २.१५ वरून ६.१२. लॉक ऑल-स्टार (हंगामाच्या मध्यातल्या निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी निवडला गेला तेव्हाच त्याचे वॉक जास्त होते आणि मैदानात मारले गेलेले चेंडू संशयास्पद प्रमाणात क्षेत्ररक्षकांच्या हातात जात होते. मैदानात मारल्या गेलेल्या चेंडूंवर हिट होण्याची लीगची सरासरी .२९५ ते .३०० असते, एखाद्या पिचरची .२४० दिसत असेल तर ती वर जाणार.

मग दोन्ही वर्षी पिचर गळला, तर एकदा संघ बुडाला आणि एकदा तरला, असं का? कारण २०१३ मध्ये मागे माणसं होती. मॅकडोनाल्ड मेमध्ये आणि वँडी रॉड्रिगेझ जूनच्या सुरुवातीला जायबंदी झाले, तर ११ जूनला गेरिट कोलने पदार्पण केलं आणि चार्ली मॉर्टन कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतला. कोलचा ईआरए ३.२२, मॉर्टनचा ३.२६. दोघेही त्या जायबंदी पिचरांपेक्षा सरस निघाले. तेव्हा जूनमध्ये सहावा, सातवा आणि आठवा पिचर कोण आहे ते शोधा. ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) संघाची यादी पाहिली की पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. तिथे नाव सापडलं नाही तर ऑगस्टमध्ये त्रास ठरलेला.

धावा रोखून जिंकणाऱ्या संघावर मी बॅट तापलेल्या संघापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. महिनाभर तापलेली बॅट थंड होते. क्षेत्ररक्षण आणि कॅचिंग रोजचं असतं.

प्रश्न : जुलैअखेर पायरेट्सनी एकही मोठा खेळाडू आणला नाही, मग ऑगस्टच्या शेवटी कसे आणले? मुदत संपली नव्हती का? (कोल्हापूर)

तेव्हा मुदती दोन होत्या. ३१ जुलैपर्यंत खुली अदलाबदल. त्यानंतर खेळाडू आधी वेव्हर्सवर ठेवावा लागे, म्हणजे इतर संघांना क्रमाने त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी मिळे. कोणी हात वर केला नाही तर व्यवहार मोकळा. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) खेळवायचं तर खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत संघात हवा. पायरेट्सनी २७ ऑगस्टला मेट्सकडून मार्लन बर्ड आणि जॉन बक घेतले, ३१ ला मिनेसोटाकडून जस्टिन मॉर्नो. उजव्या मैदानातलं भोक बर्डने बुजवलं. २०१९ पासून ही दुसरी खिडकी बंद झाली.

जुलैमध्ये चाहत्यांनी फार आरडाओरडा केला होता. मला महाव्यवस्थापक नील हंटिंग्टनचं थांबणं पटतं. भाव उतरू दिले आणि मोठे तरुण खेळाडू हातचे सोडले नाहीत.

प्रश्न : ९४ सामने जिंकून एकाच सामन्यावर सगळं अवलंबून? हा अन्याय नाही का? (डोंबिवली)

त्या वर्षी सेंट लुइस ९७, पायरेट्स ९४, सिनसिनाटी ९०, आणि तिघेही एकाच विभागातले. विभाग जिंकणारा तेव्हा थेट पुढे जात असे. बाकीच्यांतल्या सर्वोत्तम दोघांना वाइल्ड कार्ड, म्हणजे एकमेकांविरुद्धचा एकच सामना. २०१२ मध्ये आलेला एका सामन्याचा नियम २०२१ पर्यंत होता (२०२० चा अपवाद), २०२२ पासून तीन सामन्यांची मालिका आली. १ ऑक्टोबर २०१३ ला पायरेट्सना नियम मानवला : सिनसिनाटीवर ६-२. मग सेंट लुइसने पाच सामन्यांच्या मालिकेत ३-२ ने हरवलं. पण २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरने ८-० आणि २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या जेक एरिएटाने ४-० असे घरच्या मैदानावर गुंडाळले. २०१५ ला तर ९८ विजय होते, सगळ्या मेजर लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे. होय, अन्यायच होता.

प्रश्न : रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भारतीय पिचर पायरेट्सकडेच होते ना? २०१३ च्या यशात त्यांचा काही वाटा? (लखनौस्थित मराठी वाचक)

होते, पण वाटा नाही. २००८ मध्ये भारतात झालेल्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. पायरेट्सच्या खाली शिकाऊ लीगच्या पाच-सहा पायऱ्या असतात. दिनेशला २०१० च्या अखेरीस सोडलं गेलं. डावखुरा रिंकू २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या सिंगल-ए संघापर्यंत पोचला. २०१३ मध्ये कोपराच्या दुखापतीने खेळूच शकला नाही, आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीत गेला. अठरा-एकोणीसच्या वयात पहिल्यांदा बेसबॉल हातात धरून सिंगल-एपर्यंत जाणं हे कमी नाही. भालाफेकीने हाताला वेग येतो. चेंडू कडेवर टाकण्याची अचूकता मात्र लहानपणापासूनच्या हजारो फेकींतून येते, आणि ती वर्षं परत मिळत नाहीत.

प्रश्न : एवढी युक्ती साधली होती, तर २०१६ नंतर सगळं का विरलं? (बंगळुरू)

युक्ती सगळ्यांना कळली म्हणून. २०१४ नंतर टोरांटोने मार्टिनला पाच वर्षांचे ८ कोटी २० लाख डॉलर दिले. म्हणजे झेलण्याच्या कौशल्याला बाजारभाव आला. पायरेट्सनी त्याच्या जागी फ्रान्सिस्को सेर्व्हेली आणून एक वर्ष निभावलं. पण शिफ्ट सगळे करू लागले, आणि ग्राउंडरवाल्या पिचिंगला बॅटरांनी चेंडू खालून उचलून मारण्याचं उत्तर शोधलं. नील वॉकर गेला, ए. जे. बर्नेट निवृत्त झाला, लिरियानो आणि मेलन्सन २०१६ च्या हंगामातच दुसरीकडे गेले. निकाल ७८-८३. जानेवारी २०१८ मध्ये कोल आणि मॅककचन दोघेही विकले गेले. खर्चाला हात आखडता घेणारा मालक असेल तर नवी युक्ती जुनी होण्याआधी पुढची तयार हवी. ती नव्हती.

२०२६ पासून खेळाडूंना स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन, आणि बरोबर ठरलेलं आव्हान शिल्लक राहतं. तेव्हा कडेवरचे चेंडू कमावण्याची किंमत घटेल, संपणार मात्र नाही.

प्रश्न : त्या हंगामातले मोजके सामने पाहायचे झाले तर कोणते? (मुंबई)

तीन. ९ सप्टेंबर, टेक्साससमोर : ८१ विजयांवर अडकून चार सामने हरल्यानंतरचा ८२ वा विजय, १-०. कोलविरुद्ध यू दार्विश. पिचिंग समजून घ्यायची तर हाच लावा.

२३ सप्टेंबर, शिकागोचं रिग्ली फील्ड, २-१ : नवव्या इनिंगमध्ये मार्टेचा होमरन, आणि शेवटचा खेळाडू होम प्लेटवर बाद. बर्डकडून चेंडू निसटतो, मॅककचन उचलून मॉर्नोकडे, मॉर्नो मार्टिनकडे. त्याच रात्री वॉशिंग्टन हरल्याने प्लेऑफ पक्कं झालं.

आणि १ ऑक्टोबर. ४०,४८७ लोक काळे कपडे घालून सिनसिनाटीच्या पिचरच्या नावाचा गजर करत आहेत, जॉनी क्वेटोच्या हातून चेंडू खाली पडतो आणि पुढच्याच फेकीवर मार्टिन होमरन मारतो. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. तुम्ही मात्र सिनसिनाटी बॅटिंग करत असताना नजर लिरियानोवरून काढून मार्टिनच्या ग्लव्हवर ठेवा, विशेषतः खाली बुडणाऱ्या चेंडूंना तो जमिनीकडे जाऊ न देता कसा थांबवतो त्यावर. लिरियानोने सात इनिंगमध्ये एकच धाव दिली.